खिडकीला फोकस राहत नाही

मी घाबरट नाही, काळजीखोर आहे. हा फरक माझ्या पत्नीला, गीताला, बावीस वर्षांत समजलेला नाही. घाबरट माणूस संकट आल्यावर घाबरतो. काळजीखोर माणूस ते काम संकट यायच्या आधीच उरकून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी मोकळा राहतो. असं माझं म्हणणं. प्रत्यक्षात ऐन वेळी मी कधीच मोकळा नसतो, पण तो मुद्दा वेगळा.

दोन हजार दोन साली, नवरात्राच्या तोंडावर, आमच्या धाडच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक पाठदुखीने रजेवर गेले आणि शाळेचा प्रभार माझ्याकडे आला. मी मराठीचा शिक्षक. प्रभाराबरोबर एक शिक्का आला, एक खुर्ची आली (पाठदुखीचं कारण मला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं) आणि संगणक खोलीची किल्ली आली. पाठोपाठ बुलढाण्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी या वर्षी कागदावर चालणार नाही, फ्लॉपीवर टाइप करून आणावी. मुदत शनिवार दुपारी एक. उशिरा आलेली किंवा अपुरी यादी कोणत्याही सबबीवर स्वीकारली जाणार नाही. 'कोणत्याही सबबीवर' या शब्दांखाली दोन रेघा होत्या. आमची मुलं बासष्ट होती. मी ते पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा त्या रेघा मोजल्या.

एरवी ही कामं आमचा लिपिक भाऊराव करतो. शाळेत संगणक एकच आणि तो हाताळणारा माणूसही एकच. पण भाऊराव दर वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो आणि येताना वर्ध्याला लेकीकडे थांबतो. त्याची रजा मुख्याध्यापकांनी पाठदुखीच्या आधीच मंजूर केलेली होती. जाण्यापूर्वी त्याने यादीचा तक्ता आखून ठेवला, एक ते बासष्ट आकडे टाकले आणि मला सहा पानांची एक वही लिहून दिली. कोणती कळ दाबली की काय होतं, सगळं त्यात होतं.

"शुक्रवारी राती निघतो सर," तो म्हणाला. "तुमी फकत नावं टाका. बाकी त्याले काही करू नका. काम झालं का कपडा झाकून ठेवा."

"त्याला काही करू नका" हे वाक्य मला लागलं. मी काय त्याला मिरचीची धुरी देणार होतो?

आता इथे माझ्या एका तत्त्वाविषयी सांगणं भाग आहे. मराठी शब्द असताना मी इंग्रजी शब्द वापरत नाही. भाऊरावच्या वहीत 'माऊस' होता, मी तिथे 'उंदीर' लिहिलं. 'विंडो'ची खिडकी केली. पडद्यावर जो हिंडतो त्याला बाण म्हटलं. अडचण आली ती फक्त एका ठिकाणी. वहीत लिहिलं होतं, "दोन विंडो उघड्या असल्या तर जिच्यावर फोकस असेल तिच्यातच अक्षर उमटते." फोकसला मराठी शब्द काय? लक्ष? रोख? अवधान? एक अख्खी दुपार मी त्यात घालवली आणि शेवटी नाइलाजाने 'फोकस' तसाच ठेवला. पुढे जे घडलं त्यातला बराचसा भाग या एका शब्दाने घडवला, तेव्हा ही माझी माघार नोंदवून ठेवतो.

सोमवारी मी नऊ नावं टाइप केली. संगणक गुणी लेकरासारखा वागला. मंगळवारी दसरा. सकाळी घरी सायकल, शिवणयंत्र, विळी, आडकित्ता यांची पूजा झाली आणि माझ्या मनात आलं, आज शाळेतल्या यंत्राला कोणी फूल वाहिलं नसेल. बासष्ट मुलांचं भवितव्य ज्याच्यावर अवलंबून, ते हत्यार आज उपाशी. मी ताट घेऊन शाळेत गेलो. पडद्याला हळदीकुंकू लावलं, पेटीला हार घातला, आणि उंदराला तर मी विशेष मानाने पूजलं, कारण सगळी धावपळ तोच करतो. कुंकवात भिजवलेल्या अक्षता त्याच्यावर मुठीने वाहिल्या, आपट्याचं पान ठेवलं आणि भाऊरावच्या सूचनेप्रमाणे कपडा झाकून घरी आलो.

बुधवारी सकाळी कपडा काढला, आपट्याचं पान खिशात ठेवलं, फुंकर मारली आणि दहावं नाव टाकायला बसलो. उंदीर हलेना. जोर लावला तर बाण एकदम पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून ओढला तर भिंत धरून चालावं तसा कडेकडेने चालू लागला. आणि मी हात काढला तरी मधूनच कट्ट करून आवाज यायचा आणि समोरची खिडकी मागे जाऊन मागची पुढे यायची. मी हात मांडीवर ठेवून बघत बसलो. माझ्याशिवाय खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी टाइप करतो ते दोन बोटांनी आणि मान खाली घालून, कारण अक्षरं शोधावी लागतात. त्यामुळे खाली मी 'शिंदे' शोधत असताना वर खिडकी कधी बदलली ते कळायचं नाही. मान वर करावी तर नाव भलतीकडेच पडलेलं. एक मुलगा भाऊरावने केलेल्या सुट्ट्यांच्या यादीत, भाऊबीज आणि नाताळ यांच्या मध्ये सापडला. मी हिशेब केला. तीन दिवस आणि त्रेपन्न नावं.

शेजारी नारायणराव राहतात. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. यंत्र कोणतंही असो, त्यांचा सल्ला एकच असतो.

"बंद करा, पाच मिनिटं थांबा, चालू करा."

"चार वेळा केलं."

"मंग कागद करून ठेवा," ते म्हणाले. "सर, माही छत्तीस वर्षं नोकरी झाली. गाडी कोनाच्या हातून बंद पडली, ते गाडी बंद पडल्याबरोबर लिहून ठेवलं पाहिजे. मागून लिहिलं का आपल्याच नावावर येते. ते यंत्र तुमच्या आधी कोनं वापरलं?"

"भाऊरावने."

"झालं."

मी त्या क्षणी नाही म्हणालो. भाऊराव तसा माणूस नाही, असं म्हणालो. पण काळजीखोर माणसाच्या कानात एखादी गोष्ट टाकली की ती बाहेर पडत नाही. आत बसून तिला पाय फुटतात.

बुलढाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सणाची गर्दी आहे, मंगळवारनंतर या. तेव्हा मी शेवटचा उपाय केला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष शेषरावजी. दीडशे एकरांचे धनी, मनाने मोठे, पण सोयाबीनची काढणी चालू असताना ते शाळेचं काहीही दोन ओळींपेक्षा जास्त वाचत नाहीत. म्हणून मी चिठ्ठी अगदी थोडक्यात लिहिली आणि आमच्या शिपाई झुंबरबाईच्या हाती त्यांच्या शेतावर पाठवली.

'मा. अध्यक्ष महोदय, शाळेतील उंदीर आवरत नाही. खिडकीला फोकस राहत नाही. त्यामुळे दहावीची यादी अडली आहे. जाणकार माणूस त्वरित पाठवावा.'

आजही ती चिठ्ठी मी मनात वाचतो तेव्हा तिच्यात व्याकरणाची एकही चूक सापडत नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मदत आली. पुढे झुंबरबाई, हातात उंदराचा पिंजरा, आत भाकरीचा तुकडाही लावलेला. तिच्या मागे उकंडराव सुतार, खांद्यावर हत्यारांची पिशवी. आणि त्याच्या मागे मंडपवाला तुळशीराम, हातगाडीवर एक भला मोठा फोकस घेऊन. नवरात्राच्या मंडपावर जो दिवा लावतात आणि ज्याच्याखाली उभं राहिलं की दिवसा तारे दिसतात, तो.

"शेषरावजीनं सांगतलं, सरले लागन ते सामान द्या," तुळशीराम म्हणाला. "कोनती खिडकी हाय? हजार वॅटचा फोकस हाय, आता राह्यनार नाही कसा?"

"अरे, तो फोकस नाही."

"मंग कोनता? गावात याच्याहून मोठा फोकस नाही सर. धामनगावाहून मांगवा लागन."

मी उंदीर हातात धरून त्यांना दाखवला. मुलांना शिकवताना वापरतो त्या आवाजात समजावून सांगितलं. हा उंदीर. ही खिडकी. दोन खिडक्या असतात, त्यातल्या एकीवर आपलं, म्हणजे संगणकाचं, लक्ष असतं. झुंबरबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"गनपतीचं वाहन हाय ते," ती म्हणाली. "तुमी त्याले उंदीर, उंदीर म्हनता, मंग ते कसं चालन? उंदीरमामा म्हना."

उंदीरमामा म्हणून बघितलं, हे मी कबूल करतो. सगळे गेल्यावर, दार लावून. फरक पडला नाही.

तुळशीराम गाडी वळवून गेला, पण उकंडराव गेला नाही. त्याने संगणक खोलीची लाकडी खिडकी दोनदा उघडून लावून पाहिली. तिचं एक बिजागर खरोखरच खिळखिळं होतं. आलोच आहे तर करून जातो म्हणाला, आणि माझ्या मागे उभा राहून ठोकू लागला. मी यादीकडे वळलो. चाळिसावं नाव झालं होतं.

इथे मला एक वाईट गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी माझ्या पडद्यावर दुसरी खिडकीही उघडी होती आणि तिच्यात मी अध्यक्षांना पत्र लिहीत होतो. नारायणरावांच्या बोलण्याला पाय फुटले होते. यादी वेळेत गेली नाही तर विचारणा होणार, विचारणा झाली तर नाव लागणार, आणि ते माझं लागू नये. दोन नावं टाकायची आणि पत्रात एक वाक्य लिहायचं, असं माझं चाललं होतं. वाक्यं मात्र भराभर सुचत होती. माणसाला खोटं लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

"सर," उकंडराव ठोकणं थांबवून म्हणाला, "माह्या कोकिळाचं नाव टाकलं ना?"

"तेच टाकतोय," मी मान वर न करता म्हणालो. आणि खरंच तेच टाकत होतो.

"आमच्या घरात धाव्वीपर्यंत कोनी गेलंच नाही. थे पयली. रोज सकाळी चार वाजता उठून राह्यली." त्याने पिशवीतून खिळा काढला. "नाव चुकाचं नाही ना?"

"माझ्या हातून नाव चुकत नाही, उकंडराव."

कट्ट असा आवाज आला होता की नाही, मला सांगता येत नाही. मागे हातोडा चालू होता.

शुक्रवारी दुपारी बासष्टावं नाव पडलं. मधल्या काळात सात मुलं पत्रात जाऊन पडलेली मला सापडली होती आणि सातही मी परत आणून जागेवर बसवली होती. छापून तपासावं तर छपाई यंत्राची फीत वाळलेली. पडद्यावर खालीवर करून तपासावं तर खिडकी बदलायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. म्हणून मी शेवटची ओळ तेवढी पाहिली. बासष्ट. यादी फ्लॉपीत भरली, फ्लॉपी रुमालात, रुमाल डब्यात आणि डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

"पोहे नाहीत ना त्यात?" गीताने विचारलं.

"मुलं आहेत," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी आठ वाजता भाऊराव शाळेत हजर होता. रात्रभरचा प्रवास, डोळे लाल, पण कपडे स्वच्छ. मी त्याला झाला प्रकार सांगितला. पत्राचा भाग वगळून. त्याने बाह्या मागे सारल्या. उंदीर उलटा केला, खालची चकती फिरवली, आतली रबरी गोळी काढली. गोळी लालभडक होती. ती ओल्या फडक्याने पुसली. आतून चिमट्याने एक दाणा काढला, मग दुसरा. तिसरा डाव्या बटणाच्या फटीत रुतून बसला होता, तो काढायला त्याने झुंबरबाईकडून सुई मागून आणली. बटण तेवढ्याने दाबलेलं राहायचं. टेबलाला जरा धक्का लागला की कट्ट.

तीन दाणे त्याने कागदावर माझ्या समोर ठेवले. कुंकवाने लाल झालेले तीन अख्खे तांदूळ. मी त्यांच्याकडे पाहिलं, भाऊरावने माझ्याकडे पाहिलं, मग आम्ही दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पूजेचे हायत," तो म्हणाला. "फेकाचे कशाले?" आणि पुडी बांधून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

जमीन दुभंगावी असं म्हणतात, ते उगाच नाही. पण मला वाटलेली लाज मोठी होती की सुटका, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कारण भाऊराव पुडी बांधत असतानाच माझ्या मनात एकच विचार होता, पत्र. तो हात धुवायला गेला तसा मी संगणकासमोर बसलो. उंदीर आता लोण्यासारखा चालत होता. पत्र पकडलं आणि पुसून टाकलं. समूळ. मग केराच्या टोपलीतूनही काढून टाकलं, वहीच्या पाचव्या पानावर तीही युक्ती लिहिलेली होती. पावणेनऊला मी पुन्हा सज्जन माणूस झालो होतो.

बुलढाण्याच्या गाडीत मी भाऊरावला खिडकीची जागा दिली. वर्ध्याची लेक कशी आहे विचारलं, नातवाचं नाव विचारलं, त्याला शेंगदाणे घेऊन दिले. तो अधूनमधून माझ्याकडे जरा संशयाने पाहत होता. एकोणीस वर्षांत मी त्याला शेंगदाणे दिले नव्हते.

कार्यालयात रांग होती. देऊळघाटचे, मेहकरचे, कुठले कुठले शिक्षक हातात फ्लॉपी धरून उभे. टेबलाशी बसलेले साहेब प्रत्येक यादी उघडून वाचत होते. आमचा नंबर बारा वाजून वीस मिनिटांनी लागला. फ्लॉपी उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हं आणि काना-मात्रांचा चिखल. मी भाऊरावकडे पाहिलं. भाऊरावने शांतपणे खिशातून दुसरी फ्लॉपी काढली, तिच्यात आमच्या टाइपाचा फॉन्ट होता, तो घातला आणि मुलं दिसू लागली. मी सुटलो म्हणेपर्यंत साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"अनुक्रमांक एक्केचाळीस," त्यांनी मोठ्याने वाचलं. "भाऊराव यांच्या निष्काळजीपणामुळे उंदीर निकामी झाला असून."

रांगेत मागे कोणीतरी खोकलं.

"नाव जरा लांब आहे," साहेब म्हणाले. "आईचं नाव नाही. जन्मतारीख नाही. हा उमेदवार नियमित की खाजगी?"

भाऊराव माझ्या शेजारी उभा होता. त्याने वाकून पडद्यावरची ओळ वाचली. एकदा. मग सरळ उभा राहिला.

"नियमित, साहेब," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांपासून."

मेहकरचे शिक्षक हसले. साहेबही हसले. मी हसलो नाही, कारण तेवढ्यात मला दुसरी गोष्ट समजली. पत्रातलं वाक्य यादीत येऊन बसलं होतं, म्हणजे यादीतलं नाव पत्रात गेलं होतं. सात मुलं मी परत आणली, आठवं तिथेच राहिलं. आणि ते पत्र मी आज सकाळी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. समूळ. टोपलीतूनसुद्धा.

एक्केचाळीस. पाठीमागे हातोडा चालू होता. नाव चुकाचं नाही ना?

"कोकिळा," मी म्हणालो. "उकंडराव सुतारांची कोकिळा."

"पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख सांगा," साहेब म्हणाले. "तारीख अंदाजाने चालणार नाही. नाहीतर ती ओळ काढून एकसष्टांची यादी घेतो. पुरवणीचा आदेश आमच्याकडे नाही."

रजिस्टर धाडच्या शाळेत होतं. शनिवारची शाळा सकाळची, साडेअकरालाच सुटलेली. तरी मी फोन करून पाहिला. घंटा वाजत राहिली. बारा चाळीस. मला उकंडरावचा चेहरा दिसू लागला. तो मला काहीच बोलणार नाही, नुसता ऐकून घेईल, हे मला माहीत होतं आणि तेच मला सहन होईना. एका मुलीचं वर्ष मी माझं नाव वाचवायला पुसून आलो होतो.

"बसा सर," भाऊराव म्हणाला. "मी सांगतो, तुमी टाइप करा."

"तुला कसं..."

"जवंजाळ कोकिळा उकंडराव. आई रुखमाबाई. तीन जुलै एकोनीसशे सत्त्याऐंशी."

"खात्रीने?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तिच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर तीनचे तेवीस झाले होते. उन्हाळ्यात दोन चकरा मारून म्या सुधरून आनला. रजिस्टरात लाल शाईनं सही माहीच हाय."

मी टाइप करायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर ठेवून, पडद्याकडे बघत टाइप केलं. भाऊरावचं नाव एकेक अक्षराने पुसलं आणि त्या जागी एकेक अक्षराने कोकिळा बसवली. बारा अठ्ठावन्नला साहेबांनी पोचपावतीवर शिक्का मारला. बासष्ट.

परतीच्या गाडीत पहिले तीन थांबे मी तिकिटाच्या घड्या घालत बसलो. सकाळचे उरलेले शेंगदाणे माझ्या खिशात होते, ते पुढे करायची हिंमत झाली नाही.

"भाऊराव, ते वाक्य मी लिहिलं होतं," मी शेवटी म्हणालो.

"मालूम हाय. 'निकामी झाला असून' म्हननारं धाडात दुसरं कोन हाय?" तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "वाईट वाटलं सर. काम चुकलं म्हनलं असतं तं चाललं असतं. निष्काळजी म्हनाचं नव्हतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो. शुद्ध मराठीत याहून चांगलं वाक्य मला सुचलं नाही.

"हो," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला, आणि मी त्यात शेंगदाणे ठेवले.

सोमवारी सकाळी मी सर्वांत आधी रजिस्टर काढलं. तीन जुलै, एकोणीसशे सत्त्याऐंशी, लाल शाईची सही. मग संगणकासमोर बसलो आणि अध्यक्षांना नवं पत्र लिहिलं. मान वर ठेवून. 'मा. अध्यक्ष महोदय, दसऱ्याच्या दिवशी मी अक्षता वाहिल्यामुळे शाळेचा माऊस बिघडला. श्री. भाऊराव यांनी तो दुरुस्त केला व दहावीची यादी वाचवली. निष्काळजीपणा माझा आहे. सोबत: तांदळाचे तीन दाणे.' 'माऊस' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहिला. काळजावर दगड ठेवावा लागला, पण लिहिला. भाऊरावने नवी फीत घालून पत्र छापून दिलं, खणातली पुडी मी त्याला टाचली आणि झुंबरबाईला हाक मारली.

भाऊरावने पत्र माझ्या हातातून घेतलं. सावकाश वाचलं. 'निष्काळजीपणा माझा' इथे तो जरा थांबला, असं मला वाटलं. मग त्याने पत्राची चार पदरी घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"पाठवायचं आहे ते," मी म्हणालो.

"मले पोचलं सर," तो म्हणाला. "शेषरावजीले नका धाडू. तांदयाचं नाव वाचलं का निवडाले चार बाया पाठवतीन."